लेकराला आज्जी-आजोबा मारतात? घर न मोडता ते कसं थांबवायचं, पायरी-पायरीनं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, आपल्या या सगळ्या पट्ट्यात आता बऱ्याच घरांची गोष्ट एकच झालीय, नवरा उद्यमबागला नाहीतर मच्छेला कंपनीत, बायको सोसायटीत, दवाखान्यात नाहीतर दुकानात कामाला, आणि लेकरू दिवसभर आज्जी-आजोबांकडं. ही केवढी मोठी सोय आहे हे ज्यांच्याकडं नाही त्यांना विचारा. पण मग एखाद्या संध्याकाळी लेकराची चड्डी बदलताना मांडीवर चिमट्याचा काळा-निळा डाग दिसतो, किंवा तीन वर्षांचं पोरगं खेळता खेळता बाहुलीला म्हणतं "देऊ काय एक रट्टा?", आणि पोटात गोळा येतो. बोलावं तर सासू-सासरे दुखावणार, न बोलावं तर लेकरू मार खाणार.

आमच्या घरी हे झालंय, सासरीपण आणि माहेरीपण, आणि ते थांबलंय. जवळच्या दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं कसं केलंस म्हणून, त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा इथं सगळं सलग लिहिते. मला यातून एकच कळलं, ते आधीच सांगते. मार कुठल्या वेळेला पडतो ते शोधल्याशिवाय आणि आज्जीच्या हातात माराऐवजी दुसरं काहीतरी दिल्याशिवाय नुसतं "मारू नका" म्हणून काही होत नाही.

१. आधी बघा, आज दवाखान्यात जायचं आहे का

बाकी सगळं नंतर. खालचं काही असेल तर चर्चा-बिर्चा करत बसू नका, डॉक्टर गाठा.

- एक-दीड वर्षाच्या आतल्या बाळाला रागानं गदागदा हलवलं असेल. बाळाची मान कच्ची असते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेरून एक ओरखडासुद्धा दिसत नाही.
- डोक्याला मार लागून उलटी, जास्त झोप, झटके, चालताना तोल जाणं.
- कानफटात बसल्यावर कानातून पाणी किंवा रक्त, किंवा हाक मारल्यावर वळत नाही. कानाचा पडदा फाटू शकतो.
- हाताला धरून हिसडा दिल्यावर लेकरू तो हात हलवतच नाही, अंगाशी धरून बसतं. एक ते चार वर्षांच्या मुलांचं कोपर असं पटकन सरकतं. डॉक्टर ते काही मिनिटांत बसवतात. इथं गावोगावी हाडं बसवणारे आहेत, माहितीय मला, पण एवढ्या लहान मुलाला तिकडं नेऊ नका, मालीश तर अजिबात नको.
- चटका. गरम उलथन्याचा असो नाहीतर उदबत्तीचा. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, आणि दवाखान्यात जा.
- जे बाळ अजून रांगतपण नाही त्याच्या अंगावर काळा-निळा डाग. असं बाळ स्वतःहून कुठं आपटत नाही, त्यामुळं हा डाग नेहमी डॉक्टरला दाखवायचाच.

डॉक्टरला खरं सांगा. "पडला" म्हणून सांगितलं की उपचार चुकतात. सोबत तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदीचं सरकारी कार्ड), आधार, रेशन कार्ड घ्या. दवाखान्याचे कागद बऱ्याचदा कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतात, वाचता येत नसेल तर तिथंच सिस्टरला विचारून घ्या काय लिहिलंय ते, घरी येऊन अंदाज लावत बसू नका.

२. मार कसला आहे ते ओळखा

सगळा मार एका मापानं मोजू नका. पोरगं गॅसकडं धावलं म्हणून आज्जीनं घाबरून पाठीत धपाटा घातला, ही एक गोष्ट. रोज जेवत नाही म्हणून चिमटा, झोपत नाही म्हणून चापट, अशी सवयच झालीय ही दुसरी. आणि काठी, पट्टा, चटका, डोळ्यात किंवा तोंडात मिरची, मिरचीची धुरी, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, ही तिसरी. पहिल्या दोन प्रकारांत बोलून, समजावून मार्ग निघतो. तिसऱ्यात समजूत घालत बसायचं नाही, त्या दिवसापासून लेकरू त्या माणसाकडं एकटं ठेवायचं नाही, मग ते कितीही जवळचं असो. तिसरा प्रकार असेल तर सरळ पायरी ९ ला जा.

धमकीचंपण बघा. "पोलिसाला देते", "कडेच्या विहिरीत टाकते", "तुझी आई परत येणारच नाही". अंगावर वळ उठत नाही म्हणून हे सोडून द्यायचं नाही, दोन-तीन वर्षांच्या लेकराला ते शब्द न् शब्द खरं वाटतं.

३. एक वही करा (ही पायरी टाळू नका)

साधी चाळीस पानी वही. आठ-पंधरा दिवस लिहा: वार, वेळ, काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, लेकरू शेवटचं कधी जेवलं, कधी झोपलं, घरात कोण कोण होतं, आज्जीची तब्येत कशी होती. ही वही पुरावा गोळा करायला नाही हां, आणि सासूसमोर आपटायला तर नाहीच. मार कुठून येतो ते बघायला आहे. अंगावर खूण असेल तर मात्र फोटो काढून ठेवा, तारीख राहते मोबाईलमध्ये.

आमच्या वहीत काय निघालं ते सांगते. मार सकाळी कधीच नव्हता. दुपारी दोनपर्यंतपण नव्हता. सगळा मार चार ते साडेसहाच्या मध्ये. त्या वेळेला काय असतं घरात? पोरगं बाराला जेवलेलं, दुपारी झोपलं नाही तर चारला पेंगुळलेलं आणि भुकेलेलं दोन्ही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे पाचला उठलेल्या, गुडघे धरलेले, बीपीची गोळी घेऊन जरा पाठ टेकली की हे पोरगं अंगावर उडी मारणार. मामंजी, म्हणजे सासरे, पेपर घेऊन कट्ट्यावर. वर संध्याकाळचा स्वयंपाक, दिवा-बत्ती, पाणी आलं तर पाणी भरायचं. एका दिवशी तर मी जरा लवकर आले तेव्हा डोळ्यांनी बघितलं, गच्चीवर सुपात सांडगे वाळत घातले होते, पोरानं त्यावर मगानं पाणी ओतलं आणि वर पाय देऊन उभं राहिलं, आत्याबाई जिना चढून धापा टाकत वर आल्या, सांडग्यांकडं बघितलं, पोराकडं बघितलं आणि हात उठला. तीन दिवसांची मेहनत होती ती त्यांची. मारणं चूकच, पण तो हात कुठून उठला हे मला त्या दिवशी डोळ्यासमोर दिसलं, आणि पुढचं सगळं बोलणं त्यामुळं सोपं गेलं.

तुमच्या वहीत दुसरी वेळ निघेल. काही घरात जेवणाची, काही घरात शाळेचा अभ्यास घेताना आजोबांची, काही ठिकाणी मोबाईल काढून घेतल्यावरची. ती वेळ सापडली की अर्धं काम झालं.

४. नवरा-बायकोनं आधी आपसात ठरवा

हे झाल्याशिवाय मोठ्यांशी एक शब्द बोलू नका. "एक चापट चालते, पण काठी नको" असं नवरा म्हणणार आणि "एकपण नको" असं तुम्ही म्हणणार, मग सासूला कळणारच नाही नेमकं काय करायचं नाही ते. तीन गोष्टी लिहून ठरवा: काय अजिबात चालणार नाही, काय चालेल (ओरडणं? वस्तू काढून घेणं? बाजूला बसवणं?), आणि ऐकलं नाही तर आपण काय करणार.

आणि स्वतःकडं बघा. तुम्ही दोघं हात उचलत असाल तर आज्जीला सांगण्यात काही अर्थ नाही. आधी तुमचा हात थांबवा, मग बोला.

५. कोणी बोलायचं, कधी, कुठं

ज्याचे आई-बाप त्यानं बोलायचं. सासूशी नवऱ्यानं बोलायचं, माहेरच्या आईशी तुम्ही. सून बोलली की विषय लेकरावरून उठतो आणि "ही आल्यापासून" वर जाऊन बसतो. नवरा म्हणत असेल "तूच सांग ना, बायका बायका", तर अजिबात ऐकू नका. लेकरू त्याचंपण आहे, आणि आई त्याची आहे.

वेळ बघून बोला. मार पडला त्याच संध्याकाळी नको. पाहुणे असताना नको. फॅमिलीच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर "मुलांना मारू नका" असले व्हिडिओ टाकून "सगळ्यांसाठी" म्हणून सुचवणं तर अजिबात नको, ज्याला लागायचं त्याला लागतं आणि वर चारचौघात लागतं. शेजारणीलापण आधी सांगू नका, गल्लीत गोष्ट फिरून परत सासूच्या कानावर आली की मग काही उरत नाही. रविवारी सकाळी चहाच्या वेळेला, लेकरू दुसरीकडं खेळायला पाठवून, दोघंच बसा.

आमच्याकडं बोलणं साधारण असं झालं, मी आत भाजी चिरत होते, ऐकू येत होतं:

"आई, एक बोलायचं हाय."

"मग बोल की."

"तू पोराला दिवसभर सांभाळतीस म्हणून आमचं घर चाललंय, हे मला म्हाईत हाय. पण हात उचलू नकोस गे त्याच्यावर."

"मी काय वैरीण हाय काय त्याची? अंगावर येतंय ते. तुला न्हाई मारलं काय मी? वाया गेलास काय?"

"न्हाई गेलो. पण आई, तू मारलेलं माझ्या ध्यानात हाय अजून. कशासाठी मारलीस ते ध्यानात न्हाई."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आत्याबाई म्हणाल्या, "मग काय करू? चार वाजता माझा जीव न्हाई राहात त्याच्यामागं पळायला." हे वाक्य मिळालं की समजा बोलणं योग्य वाटेवर आलं. आता त्यांना मदत विचारायची असते, दोष द्यायचा नसतो.

माहेरी मी माझ्या आईशी बोलले. ते जास्त अवघड गेलं, कारण खानापूर तालुक्यात आमच्या गावी मोठ्यांना उलट बोलायची पद्धतच नाही, आणि आई रडायला लागली. रडू दिलं. पण "बरं बरं, तुला वाटेल तसं कर" म्हणून विषय मिटवला नाही. रडणं थांबल्यावर तेच वाक्य परत सांगितलं. हे महत्त्वाचं आहे, वाक्य बदलायचं नाही.

६. ते काय म्हणतील, तुम्ही काय म्हणाल

हे प्रश्न येणारच, तयारी करून बसा.

*"आम्ही नाही का तुम्हाला मारून वाढवलं?"* वाद घालू नका की तुम्ही चुकलात. म्हणा, तेव्हा घरात दहा माणसं होती, एकीनं मारलं तर दुसरी जवळ घ्यायची. आता दिवसभर लेकरू एकटंच तुमच्याजवळ असतं, मारणारं आणि जवळ घेणारं माणूस एकच.

*"धाक नको काय?"* धाक हवाच, त्यांचं हे म्हणणं खरं आहे, फक्त तो हाताचा नको. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला "करू नको" कळतं पण हात आवरता येत नाही, मेंदूचा तो भाग तयार व्हायला वर्षं लागतात. दीड ते चार वर्षांपर्यंत जमिनीवर लोळून रडणं हे वयाचं आहे, लाडावल्याचं नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की मोठ्यांना पटतं. म्हणून पुढच्या लसीच्या वेळेला आज्जीला सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा, "डॉक्टर, हा हट्ट करतो, मारलं तर चालेल का?" आमच्याकडं घरातल्या शंभर बोलण्यांपेक्षा हे एक जास्त चाललं.

*"हे सगळं फॉरेनचं खूळ आहे."* स्वीडननं 1979 मध्ये घरातला मारपण कायद्यानं बंद केला हे खरं, पण आपल्याकडंसुद्धा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. शाळेत गुरुजींना जे चालत नाही ते घरात का चालावं, एवढंच विचारा. शिकलेले आजोबा असतील तर त्यांना अभ्यासाचं सांगा: 2016 मध्ये पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र करून दीड लाखाहून जास्त मुलांची माहिती तपासली गेली, त्यात चापट खाणारी मुलं जास्त ऐकतात असं निघालं नाही, उलट मारामारी, वाईट वागणं, आई-बापांशी दुरावा हे जास्त दिसलं. आमचे मामंजी निवृत्त माणूस, रोज पेपर अख्खा वाचणारे, त्यांना माझ्या रडण्यापेक्षा हे पटलं. ज्याला जे पटतं ते द्यावं.

*"मग तुम्हीच सांभाळा."* हे रागानं येतं. लगेच "हो, सांभाळतो" म्हणू नका आणि घाबरून माघारपण घेऊ नका. "आम्हाला तुम्हीच पाहिजे, पण असं नको" एवढं म्हणून उठा.

७. हाताला दुसरं काम द्या

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला, बाकीच्या पायऱ्या यावरच टिकतात. "मारू नका" म्हणून सांगितलं आणि चार वाजता परत तेच भुकेलं पोरगं, तेच दुखरे गुडघे, तर हात उठणारच.

*भूक आणि झोप.* वहीत जी वेळ निघाली त्याच्या अर्धा तास आधी खायला. आमच्याकडं साडेतीनला दुधात भिजवलेले चुरमुरे नाहीतर केळं, सकाळीच वाटीत काढून झाकून ठेवते, आत्याबाईंना फक्त पुढं ठेवायचं. शेंगदाणे, फुटाणे लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतात. झोपेचं माप लिहून फ्रिजवर लावा: एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून 11 ते 14 तास, तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13. आमचं पोरगं रात्री साडेदहाला झोपत होतं कारण बाबा सेकंड शिफ्टवरून यायची वाट बघायचं. ते बंद केलं, साडेआठला झोप, आणि दिवसाचा निम्मा हट्ट तिथंच गेला.

*आज्जीला सुट्टी.* रोज अर्धा तास तरी कोणीतरी दुसऱ्यानं लेकरू बाहेर न्यायचं. मामंजींना आम्ही नेमून दिलं, साडेचारला पोराला घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, तेवढ्यात आत्याबाई पाठ टेकतात. रविवारी पूर्ण दिवस लेकरू आमचं, त्या दिवशी त्यांना हाक मारायची नाही. गुडघ्याचं, बीपीचं, शुगरचं दाखवून आणा, नुसतं "काळजी घ्या" म्हणू नका, नंबर लावा आणि सोबत जा. मैत्रिणीच्या घरी सासूला ऐकू कमी येत होतं, पोरगं ओरडतं का तर त्यामुळं, आणि सासू चिडते का तर पोरगं ओरडतं म्हणून. मशीन लावल्यावर दोघंपण शांत.

*पोराला काम.* मोबाईल देऊन बसवणं हा उपाय नाही, दोन वर्षांच्या आत मोबाईल नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको. त्यापेक्षा ताटलीत कणकेचा गोळा, वटाण्याच्या शेंगा सोलायला, बादलीत दोन मग पाणी आणि चार वाट्या (आज्जी समोर असतानाच, बादली भरून नाही). आपल्या आज्ज्यांना हे करून घेता येतं, त्या यात हुशार आहेत, फक्त त्यांना सांगायला पाहिजे की पसारा झाला तर चालतो, संध्याकाळी आम्ही पुसतो. आणि मग खरंच पुसा.

*वस्तू वर.* सांडगे, पापड, गोळ्यांची डबी, काडेपेटी, विळी. हाताला लागत नाही तिथं ठेवलं की "हात लावू नको" म्हणायची वेळच येत नाही. गॅसचा नॉब खालून बंद.

*आज्जीच्या तोंडात चार वाक्यं.* हे आम्ही खरंच पाठ केलं. "नाही. हे गरम आहे." "तुला राग आलाय. हात नाही मारायचा." "हे की ते, काय पाहिजे?" आणि चौथं, स्वतःसाठी, "मी जरा पाणी पिऊन येते." राग आला की लेकरू जागच्या जागी सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला जायचं. आत्याबाई आता देवापुढं जाऊन हात जोडतात आणि परत येतात, त्यांचा हा मार्ग त्यांनीच शोधलाय.

आणि कौतुक करा. ज्या दिवशी मार पडला नाही त्या दिवशी संध्याकाळी "आज कसं शांत होतं घर" एवढं म्हणा. मनापासून म्हणा.

८. तरीपण हात उठला तर त्या क्षणाला

होणार. महिन्याभरात एकदा-दोनदा तरी होणार, वर्षानुवर्षांचा हात आहे तो.

मध्ये जा, लेकराला उचला, आज्जीवर ओरडू नका. "आई, मी घेतो याला, तू बस." एवढंच. लेकरासमोर मोठ्यांचं भांडण झालं की लेकराला वाटतं हे माझ्यामुळं झालं. पण गप्पपण बसू नका, नाहीतर मार बरोबरच होता असं त्याला वाटतं. बाजूला नेऊन सांगा, "आज्जीला राग आला होता. मारायचं नसतं. तू पाणी सांडलंस ते पण बरोबर नव्हतं, चल पुसूया." आज्जी वाईट आहे, आज्जीकडं जाऊ नको, असलं काही शिकवू नका. त्याच वेळी हेपण सांगा की कोणी मारलं तर आई-बाबांना सांगायचं, आई रागावणार नाही. आज्जीनं किंवा आजोबांनी नंतर जवळ घेतलं तर घेऊ द्या. आमच्याकडं आत्याबाईंनी एकदा स्वतःहून म्हटलं "चुकलं माझं, बाळा", मोठ्यानं नाही, त्याच्या केसातून हात फिरवत, आणि पोरानं लगेच "चालतंय" म्हणून सांगितलं. लहान मुलाची माफी मागितली तर मान कमी होत नाही.

९. थांबतच नसेल तर

दोन-तीन वेळा शांतपणे बोलून, सगळी मदत करून काही फरक नसेल, किंवा मार तिसऱ्या प्रकारातला असेल, तर लेकरू तिथं एकटं ठेवायचं बंद. भांडून नाही, सोय बदलून. सोयी कुठल्या आहेत बघा:

- तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडी. दिवसातले काही तास तरी सुटतात. जन्मदाखला, आधार, तायी कार्ड घेऊन जा. फॉर्म कन्नडात असतो, अंगणवाडी ताई भरून देतात, सही करायच्या आधी नाव आणि जन्मतारीख वाचून घ्या, मराठी नावं कन्नडात लिहिताना अक्षर बदलतं आणि पुढं शाळेत त्रास होतो.
- खेड्यात असाल आणि सरकारी रोजगार हमीच्या कामाला जात असाल तर ग्रामपंचायतीत "कूसिन मने" आहे का विचारा, लहान मुलांसाठी सरकारी पाळणाघर आहे ते. जॉब कार्ड (रोजगार हमीचं कार्ड) सोबत न्या.
- तुमच्या कंपनीत 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. एकट्यानं मागू नका, लहान मुलं असलेल्या चार-पाच जणींनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- खाजगी पाळणाघर असेल तर न सांगता दुपारी एकदा जाऊन बघा. तिथंपण मारत असतील तर काय उपयोग.

आज्जी-आजोबांची भेट बंद करायची गरज बहुतेक घरात नसते. तुम्ही समोर असताना भेटू द्या.

आणि ज्या घरात चटके, काठी, कोंडणं चाललंय, किंवा नवराच "माझ्या आईला काही बोलायचं नाही" म्हणून मध्ये उभा राहतो, तिथल्या आईसाठी: 1098 हा मुलांसाठीचा फोन आहे, फुकट, दिवस-रात्र. कन्नड येत असेल तर कन्नडात बोला, नाहीतर हिंदीत. जीवाला धोका असेल तर 112. बाल न्याय कायदा 2015, कलम 75 प्रमाणं लेकरू ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला मारहाण करून विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि यात आज्जी-आजोबा सुटत नाहीत. घरातल्या प्रत्येक चापटीवर बंदी घालणारा वेगळा कायदा आपल्या देशात नाही, म्हणून एका धपाट्यावरून सासूला कायद्याची धमकी देऊ नका, धमकीनं फक्त दार बंद होतं. पण जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, डॉक्टर गरज असेल तर एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवून नोंद होते. जिल्ह्याला बालकल्याण समिती असते, तिथं थेट जाता येतं. सोबत न्यायचं: वही, फोटो, दवाखान्याचे कागद, लेकराचा जन्मदाखला, तुमचं आधार. सगळ्याच्या झेरॉक्स, मूळ कागद तुमच्याकडंच.

या सगळ्यात तुमचंच मन बसलं असेल, झोप नाही, रडू येतंय, तर 14416 वर टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन, तोपण फुकट.

१०. यात्रा, लग्न, सुट्टी

घरात सगळं जमतं आणि मग गावाकडच्या यात्रेला जातो, तिथं पन्नास पाहुणे, मोठी काकी, आत्या, कोणाचापण हात उठतो, आणि आपली आज्जीपण चारचौघांत जुन्या सवयीवर जाते कारण "हिची नातवंडं ऐकत नाहीत" हे ऐकायला लागतं तिला. जायच्या आदल्या दिवशी आज्जीशीच बोला, आणि तिलाच कामाला लावा: "तिकडं याला कोणी मारलं तर तूच सांग बघ, आमच्याकडं मारत नाहीत म्हणून." आमच्या आत्याबाईंनी मागच्या यात्रेत त्यांच्या थोरल्या जावेला असं सांगितलंय. लेकराची जेवायची वाटी, पांघरूण आणि दुपारची झोप सोबत न्या, गर्दीत ती झोप मोडली की संध्याकाळ कोणालाच आवरत नाही, आणि परत येताना एसटीत गर्दी असेल तर दुपारची गाडी सोडून सकाळचीच धरा.